सांगायची मनाई

“बाळ, निदान कारण तरी सांग,” बँकेच्या काउंटरवर वाकून मास्तर म्हणाले.

काउंटरमागच्या मुलीने नजर टाळली. “वरून थांबवलंय, मास्तर. मला काही माहीत नाही.”

धडधडीत खोटं. खातं गोठलं होतं ते तिच्यामुळेच. चित्रकलेच्या या निवृत्त मास्तरांचं खातं वर्षानुवर्षं निपचित पडलेलं. त्यात एका आठवड्यात आठ देशांतून दीडशे जणांनी पैसे टाकले. काळा पैसा फिरवणारे असंच करतात, हे प्रशिक्षणात तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिने आर्थिक गुप्तवार्ता विभागाला संशयाचा अहवाल पाठवला. विभागाने खातं गोठवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा उलगडा झाला. पैसे पाठवणारे सगळे त्यांचे जुने विद्यार्थी. मास्तरांच्या बायकोचा एक डोळा गेला होता. दुसरा वाचवायचा तर महिन्याच्या आत शस्त्रक्रिया हवी होती.

अहवाल मागे घेता येत नव्हता. खातेदाराला त्याबद्दल अवाक्षर बोललं तर नोकरी जाणार, वर तुरुंग. मास्तरांकडून विद्यार्थ्यांची यादी घेऊन तिने विभागाला धाडली. उत्तर नाही. फोन केला तर विभाग म्हणे नियामकाला विचारा, नियामक म्हणे पोलिसांना, पोलीस म्हणे तुमच्या बँकेलाच विचारा. मास्तर रोज येऊन समोरच्या बाकावर बसत. तिला डबा गोड लागेना.

पाचव्या आठवड्यात ते आले, पण बसले नाहीत.

“आता घाई नाही, बाळ. दुसरा डोळाही गेला. तू फार धडपडलीस. आमची ही म्हणाली, त्या मुलीला तेवढं सांगून या.”

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तडक विभागात गेली. आता जे व्हायचं ते होवो. तिथल्या कारकुनाने फाइल काढली, पानं उलटली, चष्मा कपाळावर सरकवला.

“तुमची यादी आली त्याच दिवशी शेरा पडलाय की. संशयास्पद काही नाही, खातं मोकळं करावं.”

तिने शेऱ्याखालची तारीख वाचली. “मग आम्हाला कळवलं का नाही?”

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने नियमांचं पुस्तक ओढलं आणि बराच वेळ मनापासून शोधलं.

“बाई, कोणाकोणाला सांगायचं नाही, ते यात चार पानं लिहिलंय. कोणी सांगायचं, ते कुठेच नाही.”