खाच कोणत्या बाजूला?

सुरतेबाहेरच्या लागवडीत उंच सागांखाली महोगनी लावलेली होती आणि हर्षदा दर सुट्टीत आईच्या टेपने झाडांची वाढ मोजायची. आज तिचे पप्पा करवत घेऊन सर्वांत थोराड सागापाशी उभे होते. ज्या बाजूला खाच, त्या बाजूला कोसळून तो तिथलं सगळं चिरडणार. पप्पांनी तिला विचारलं, "मुकादम म्हनस, कोठेबी पाड. पन मापं तुन्हा वहीमा शेतस. सांग मन्ही माय, कोन्ता बाजूले?" डावीकडे तिची लाडकी महोगनी होती, तीन वर्षांत मनगटाएवढी होती ती मांडीएवढी जाड झालेली; तिच्याच वाढीच्या आलेखाला वर्गात टाळ्या पडल्या होत्या. उजवीकडे सावलीत खुरटलेली बोटाएवढी महोगनीचीच अकरा रोपं. साग गेल्यावर ऊन मिळून तीही सरसर वाढतील. "बोल ना! येरवी तुन्हं तोंड थांबस नही," पप्पा हसले. हर्षदाने महोगनीला मिठी मारली. "डावीकडे पाडा," ती म्हणाली, "पण मी बाजूला होईपर्यंत थांबा."