दहावी प्रत

आईचं चित्रण एवढंच उरलं होतं: खिडकीपाशी पाठमोरी बसून ती शिलाई मशीन चालवतेय. त्यातला मागचा-पुढचा फापटपसारा कापायचा होता, पण चित्राला ओरखडाही न पडता. म्हणून दादा प्रत्येक सॉफ्टवेअरची परीक्षा घेत होता. तुकडा कापून सेव्ह करायचा, मग त्या प्रतीची प्रत, असं दहा वेळा.

पहिल्याने चौथ्याच प्रतीत मशीनचं चाक धूसर केलं. दुसऱ्याने पडद्याचा रंग उडवला.

“तुझ्या परीक्षेत पास होणारं अजून जन्माला यायचंय,” धाकटी म्हणाली.

तिसरं पास झालं. दहावी प्रत पहिलीइतकीच लख्ख होती. कापडावरचा टाका न् टाका दिसत होता. आईचा गालही दिसत होता.

दादाने मूळ चित्रण उघडलं. तिथे नुसता अंबाडा होता. पाचव्या प्रतीत कानाची पाळी होती, आठव्या प्रतीत गालाची कड.

धाकटीने खुर्ची पुढे ओढली. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता.

“दादा, अजून दोन प्रती काढ ना. तोंड दिसेल.”

त्याने काढल्या. डोळ्याचा कोपरा आला. तेव्हा कुठे त्याचं लक्ष खाली गेलं. आईचे खांदे, कोपरं, कापड सरकवणारे हात तसूभरही वळले नव्हते. पाठ अजून सरळ त्यांच्याकडेच होती.

“बास. थांबू या.”

“थांबतोस काय? हसतेय बघ ती,” म्हणत धाकटीने माऊस ओढून घेतला.