उरलेले अन्न, किलोमध्ये

दोन वाजले, शेवटची पाळी जेवून उठली, तशी वजनकाटेवाली बाई खुर्ची सोडून पातेल्यांकडे निघाली. शाळांत, घरांत, कारखान्यांत जाऊन 'कचरा होऊच देऊ नका' हा कार्यक्रम कितपत लागू पडला ते तपासायचं, हे तिचं काम. शितावरून भाताची परीक्षा तिला मान्य नव्हती. सगळा भात काट्यावर चढल्याशिवाय ती आकडा लिहीत नसे. या कारखान्याच्या कँटीनमध्ये मागच्या वर्षी तिनं नऊ किलो मोजले होते. आज काटा एकावर थांबला. तिनं उतरवून पुन्हा चढवलं. एकच.

तिला आनंद झाला आणि तो तिनं लपवलाही नाही. तक्ता तिनंच आखला होता. त्यात 'उरलेले अन्न' या रकान्यातला आकडा थेट 'कचरा' या रकान्यात जाई. आज अहवाल गेला की आणखी साठ कँटीनना हीच रीत लागणार होती: हजेरीपटावर जेवढी डोकी, तेवढंच रांधायचं. वर्षभराच्या पायपिटीचं चीज होणार होतं.

"मामा, जिंकलात तुम्ही," ती आचाऱ्याला म्हणाली.

मामा एरवी बोलायला लागले की थांबत नसत. आज ते ओटा पुसत राहिले. "साहेबांनी मापात रांधायला सांगितलं, मी रांधतो," एवढंच म्हणाले.

मॅनेजर सहीला यायचे होते, म्हणून ती थांबली. मागच्या वर्षी वजन झाल्याबरोबर ती पुढच्या कारखान्याकडे पळाली होती. अडीचला मागच्या दारानं झाडूवाल्या बायका आत आल्या. बारा जणी, सगळ्या ठेकेदाराच्या. कंपनीच्या हजेरीपटावर त्यांची नावं नव्हती. कोपऱ्यात गोल करून बसल्या. बारा जणींत डबे पाच. ते मधे उघडले, दोन दोन घास वाट्याला आले आणि उरलेली भूक त्यांनी पाण्यावर भागवली.

काटेवालीला राहवलं नाही. "मावशी, तुम्ही इथलं जेवत नाही?"

त्यांतली सगळ्यांत थोरली हसली. "जेवायचो की. रोज उरायचं. मामा हाक मारायचे, आम्ही बसायचो. आता उरत नाही."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"काय बोलणार? आम्हाला जेवायला मिळावं म्हणून कचरा करा, असं? तुमच्या कागदात आम्ही कचऱ्यातच होतो, बाई. तो कमी झाला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. डब्याला झाकण लावता लावता सहज बोलली ती. काटेवालीनं मामांकडे पाहिलं.

"मी तोंड उघडलं असतं, तर कंपनीचं अन्न बाहेरच्यांना घालतो म्हणून माझीच उचलबांगडी झाली असती," मामा हळूच म्हणाले. "माझ्याही घरी खाणारी तोंडं आहेत."

तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. माणशी अर्धा किलो, बारा जणींचं सहा. कमी झालेल्या आठ किलोंतले सहा किलो कचरा नव्हताच, जेवण होतं. मागच्या वर्षी ती अर्धा तास थांबली असती तर तिला ते दिसलं असतं. आणि आता हाच तक्ता साठ ठिकाणी जायचा होता. तिथंही मागची दारं असणारच. तिला स्वतःची फार लाज वाटली.

मॅनेजर आले ते पेन उघडूनच. "आठ किलो ना? करतो सही."

"दोन," ती म्हणाली. मागच्या वर्षीच्या नऊच्या आकड्यावर तिनं काट मारली होती, शेजारी तीन लिहून खाली स्वतःची सही केली होती. "मी जेवणं व्हायच्या आधीच मोजलं होतं. चूक माझी आहे, तसं अहवालात लिहिलंय. बारा माणसांचं रोज जास्त रांधावं, हेही लिहिलंय."

"बाई, हे हात दाखवून अवलक्षण झालं. दोन किलोंना कोण विचारतं? साठ कँटीन तर सोडाच, हाही कार्यक्रम बंद करतील तुमचा."

"करतील कदाचित," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला.

मॅनेजरांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बायका उठून झाडू गोळा करत होत्या. मग ते तिच्याकडे वळले.

"पण बारा माणसांचं वाढवलं, तर पुन्हा उरेल ना?"

मामा पहिल्यांदाच मधे पडले.

"उरणार नाही, साहेब," ते म्हणाले. "पुरेल."