न लागलेला दिवा

"लागला?" तिने संगणकाच्या पडद्यासमोरून ओरडून विचारलं.

"नाही," कपाटापाशी उभा असलेला शिडी म्हणाला. शिडी हे काही त्याचं नाव नव्हे. वरच्या खणापर्यंत त्याचा हात सहज पोचायचा, म्हणून इस्पितळाच्या संगणक विभागात सगळे त्याला तसं म्हणत.

तिने पुन्हा हुकूम पाठवला. पडद्यावर लगेच उत्तर उमटलं: दिवा लागला आहे.

"आता?"

"नाही मॅडम. सगळे हिरवेच. निळा एकही नाही."

कपाट नवं होतं. इस्पितळात निघालेला प्रत्येक स्कॅन त्यातल्या डिस्कवर साठवला जाई आणि वरच्या मजल्यांवरचे डॉक्टर नेटवर्कवरून तो उघडत. प्रत्येक स्कॅनच्या दोन प्रती, जोडीतल्या दोन डिस्कवर. आज एका जोडीतली एक डिस्क बिघडली होती. ती ओढून काढायची, नवी बसवायची, एवढंच काम. पण चालू कपाटातून चुकून तिची जोडीदार ओढली, तर जोडीवरचं सगळं गेलं. म्हणून या खोलीचा नियम होता: आधी पडद्यावरून त्या डिस्कचा निळा दिवा लावायचा. दिवा दिसल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

सासूबाईंच्या मेंदूचा कालचा स्कॅन याच जोडीवर होता. उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन. स्कॅन पुन्हा काढायचा तर त्याआधी द्यावं लागणारं औषधाचं इंजेक्शन त्यांना इतक्यात पुन्हा सोसणार नव्हतं.

"वहिनी, किती ताणताय?" भिंतीला टेकलेला तिचा धाकटा दीर म्हणाला. कपाट त्याच्या कंपनीचं होतं आणि विकलंही त्यानेच होतं. "हुकमाला आमचं कपाट उत्तर देतंय ना? मग झालं की."

"उत्तर देतंय. दिवा लावत नाही."

"दिवा आमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवरून लागतो. ते वेगळं घ्यावं लागतं."

तिने खुर्ची वळवली. "भाऊजी, खरेदीच्या बैठकीत तुम्ही काय म्हणाला होतात? आमचं कपाट खुल्या नियमांवर चालतं. कपाट कुठल्याही कंपनीचं असो, पडदा एक आणि हुकमाची भाषा एक. त्या शब्दावर मी होकार दिला. दिराचं दुकान चालवते, असे टोमणे ऐकले."

"चालतंय की नियमांवर! तपासणीत पास झालंय."

"तपासणीवाल्यांनी उत्तर बघितलं. दिवा बघायला कोण गेलं होतं?"

तो हसला. "घरच्या माणसावर तरी विश्वास ठेवा. पडद्यावर काय लिहिलंय? डिस्क तीन. म्हणजे डावीकडून तिसरी. ओढ रे शिडी, वहिनींचं काही ऐकू नकोस."

शिडीने तिसऱ्या डिस्कचा खटका दाबला.

"हात काढ!"

पंख्यांच्या घरघरीवरून तिचा आवाज गेला. चटका बसावा तसा शिडीने हात मागे घेतला.

ती उठून दिरासमोर उभी राहिली. "तुमचं कपाट डिस्क कुठून मोजतं? शून्यापासून की एकापासून?"

"जुन्या मॉडेलमध्ये शून्यापासून. यात बहुतेक..."

"बहुतेक? शून्यापासून मोजत असेल तर डिस्क तीन म्हणजे डावीकडून चौथी. मग तिसरी कोण? तिची जोडीदार! आणि त्या जोडीवर कोणाचा स्कॅन आहे माहीत आहे? आईंचा."

त्याने कपाटाकडे पाहिलं. हिरव्या दिव्यांची ओळ शांतपणे जळत होती.

"वहिनी, मला खरंच..."

"गप्प बस!"

लग्न होऊन आल्यापासून तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. शिडी खाली बघू लागला.

"सातवीत होतास तेव्हा गणितं झाली का विचारलं की झाली म्हणायचास. वही उघडावी तर कोरी. तेव्हा मी रागावले का? शेजारी बसवून शिकवलं. कारण तेव्हा नुकसान तुझं एकट्याचं होतं. अरे, त्या नियमांत 'मला हे येत नाही' असंही एक उत्तर आहे. कोणाला लाज वाटू नये म्हणून मुद्दाम ठेवलंय. तुमच्या कपाटाने ते दिलं असतं तर मी दुसरी वाट शोधली असती. पण तुम्हा लोकांना 'हो' शिवाय दुसरा शब्दच शिकवलेला नाही!"



ती शिडीकडे वळली. "जोडीवरचं सगळं जुन्या कपाटावर उतरवायला घे. चांगल्या प्रतीवरून. ते पुरं होईपर्यंत इथे कोणी हात लावायचा नाही. घरच्या माणसांनी तर नाहीच."

"सकाळपर्यंत होईल, मॅडम?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "बघू."

टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर दिरापुढे धरला.

"आईंचे डॉक्टर आहेत. उद्या सकाळी स्कॅन नक्की उघडेल ना, विचारताहेत. सांगा, भाऊजी."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. पलीकडून डॉक्टर "हॅलो, हॅलो" करत होते. त्याच्या पाठीमागे पडद्यावर अजून तेच उत्तर होतं: दिवा लागला आहे.