वळणाची जागा

अर्धं रिंगण वळलं, अर्धं तसंच पुढे जात राहिलं, आणि सुतारकाकांचं कोपर पोस्टातल्या बाईंच्या नाकावर बसलं. धाकटीने घाईघाईने अकॉर्डियन थांबवलं. म्हणजे लॅपटॉपवरचं बटण दाबलं. अकॉर्डियन वाजवणारे तिचे आजोबा तिच्या जन्माआधीच गेले होते.

"कान घरी ठेवून येता का रे?" आई ओरडली. गावाच्या या लोकनृत्य मंडळाची ती प्रमुख, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. "पन्नास वर्षं हाच नाच, हीच फीत. आणि आज, नेमकं आज तुम्हाला वळता येत नाही?"

"मी वळलोच होतो," सुतारकाका म्हणाले. "कोपराला विचारा."

"नाकालाही विचारा," पोस्टातल्या बाई रुमालातून म्हणाल्या.

पुन्हा लावलं. या खेपेला वळायला खुद्द आईच चुकली. कुणी हसलं नाही. शाळेच्या सभागृहाबाहेर पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली होती.

आज एकच गोष्ट बदलली होती, आणि ती धाकटीने बदलली होती.

शहरात ती लोकांना कानाची यंत्रं जुळवून द्यायची. नको तो आवाज बाजूला सारायचा, हवा तो ठेवायचा. त्याच सवयीच्या हाताने तिने मंडळाची जुनी फीत साफ केली होती. सुवर्णमहोत्सवाची भेट म्हणून, कुणाला न सांगता. पहिल्या वर्षीच्या कार्यक्रमात, नाच चालू असताना भरलेली ती फीत. तेव्हा आई रिंगणातलं सगळ्यात लहान पोर होती. धाकटीने त्यातली पंख्याची घरघर काढली. खरखर काढली. आणि अधूनमधून येणारा आजोबांचा खोकला काढला.

खोकल्यावर तिने सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. फीत भरली त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आजोबा छातीच्या दुखण्याने गेले. ते दुखणं या सुरांत आधीच शिरलेलं आहे असं घरात सगळे धरून चालत, आणि आजीसमोर त्याचा विषय काढत नसत. आजोबांनी एकदा तरी धडधाकट वाजवावं आणि आजीने ते ऐकावं, एवढंच धाकटीच्या मनात होतं.

तिने हेडफोन लावले. वळणाच्या आधी जी चाल, तीच वळणानंतर. कुठे सूर चढत नव्हता, कुठे थांबत नव्हता. 'वळा' असं त्या वाजवण्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. मग इतकी वर्षं ही माणसं वळत होती ती कशावर?

उत्तर सुचलं तशी ती धावत आईकडे गेली. आई दातांत पिन धरून केस बांधत होती.

"आई, तुम्ही खोकल्यावर वळत होता. मी तो काढून टाकलाय."

आईने पिन तोंडातून काढली. "आम्ही खोकल्यावर नाचतो? वेड लागलंय का तुला? आम्ही सुरावर वळतो. यांचं लक्ष नाही, बस्स. जा, जागेवर बस."

दारं उघडली. खुर्च्या भरल्या. मूळ फीत शहरातल्या घरी, ड्रॉवरमध्ये. धाकटीसमोर माईक होता. खोकायला असं काय लागतं? पण कुठे खोकायचं? तिने तो खोकला इतक्या सफाईने पुसला होता की त्याची जागा आता तिची तिलाच सापडत नव्हती.

आजीला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली होती. तिच्या कानातलं यंत्र धाकटीनेच जुळवलेलं. पहिले सूर आले तशी आजी हसली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिने यंत्राला बोट लावून पाहिलं, काहीतरी ऐकू यायचं राहतंय असं वाटून.

रिंगण फिरत होतं. आईची मान ताठ झाली होती. सुतारकाकांनी कोपर अंगाशी घट्ट धरलं होतं. जो तो शेजाऱ्याच्या पायांकडे बघत होता. धाकटीने डोळे मिटले.

"अहं-हं."

कोरडा, जाडसर, पुरुषी खोकला. तिने डोळे उघडले तेव्हा सगळं रिंगण एका अंगाने वळलेलं होतं, एकही पाय मागे नाही.

कुणीतरी लगबगीने आजीला पाण्याचा ग्लास आणून दिला. आजीने तो मांडीवर धरून ठेवला, एक घोटही घेतला नाही, आणि पुढच्या वळणाला पुन्हा खोकली. त्याच्या पुढच्यालाही. शेवटच्या वळणानंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

आई घाम पुसत खाली आली. "बघितलंस? म्हणे खोकल्यावर!" ती म्हणाली आणि पाहुण्यांत शिरली.

धाकटी आजीच्या पायाशी बसली. "चुकलं गं माझं. आजोबांचं आजारपण तुला परत परत ऐकावं लागू नये, म्हणून काढला मी तो खोकला."

"आजारपण?" आजीने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "ते नंतरचं. तेव्हा ठणठणीत होते ते." मग ती गर्दीत मिरवणाऱ्या आपल्या लेकीकडे बघत राहिली. "ही तेव्हा एवढीशी. दर वेळी वळायचं विसरायची. भरल्या सभेत नाव घेऊन हाक मारली तर पोर रडेल, म्हणून खोकायचे."