भेटीची चेरी

कपाळावरची पट्टी जरा घट्टच बसली होती. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'बाहेरचं फळ बाहेरच'.

"अजून थोडं रागावलेलं दिसायला हवं, काशिवागुरासान," ईझुकासाहेब हलक्या आवाजात म्हणाले. ते टोकियोच्या कृषी मंत्रालयातले. पट्टी त्यांनीच येताना आणली होती. "आत्ता तुम्ही पोट बिघडल्यासारखे दिसताय."

"पाहुण्यावर रागवायची सवय नाही हो," एइसुके काशिवागुरा म्हणाला. यामागाताकडच्या या गावात तो चेरी बागायतदार संघाचा अध्यक्ष होता आणि भांडणापेक्षा छाटणीत जास्त वाकबगार होता.

"सवय करा. तुम्ही जितके चिडाल तितकं उद्याच्या बैठकीत आमचं 'नाही' पक्कं. नाहीतर ते अमेरिकन म्हणतात, तुमच्या मोटारी आम्ही घेतो, मग आमच्या चेरीनं काय घोडं मारलंय?"

भांडण एका महिन्याचं होतं. अमेरिकेची चेरी जपानात यायची, पण जुलैत, इथली झाडं रिकामी झाल्यावर. आता त्यांना जून हवा होता. जून गेला की बागा गेल्या, असं गाव धरून चाललं होतं. शेजारच्या ओनुमानं तर झाडं तोडायला कुऱ्हाडीला धार लावून ठेवली होती.

अमेरिकेच्या शिष्टमंडळातला हॅल्वर्सन शेडमध्ये शिरला. माणूस उघड्या मनाचा, स्वतःही कॅलिफोर्नियातला बागायतदार. शेडमध्ये काशिवागुराची बायको ताके आणि गावच्या बायका माना खाली घालून पेट्या भरत होत्या. एकेक चेरी उपडी ठेवायची, देठ वर. रांगा भरल्या की तळ लावून पेटी उलटायची. मग झाकण काढावं तर देठ एकही दिसत नाही, नुसते लाल गाल. तशी एक पेटी ताकेनं दोन्ही हातांनी, कमरेत वाकून पाहुण्याला दिली.

भेट देणाऱ्यासमोर उघडायची नसते, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. त्यानं उघडली. बायकांचे हात थांबले. मग त्यानं आत पंजा घातला आणि शेंगदाणे उचलावेत तशी मूठभर चेरी उचलून तोंडात टाकली.

ईझुकासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"गोड आहे," हॅल्वर्सन बिया हातात काढत म्हणाला. ईझुकासाहेब डोळे न उघडताच भाषांतर करू लागले. "पण एक सांगा, या रांगा कशासाठी? खाताना मोडतातच ना? आमच्याकडे यंत्रातून थेट पिशवीत. भाव तुमच्या भावाचा तिसरा हिस्सा. गिऱ्हाइकाला काय हवं? पोटभर."

काशिवागुरा पेटीत पडलेल्या भगदाडाकडे बघत राहिला. त्याच्या पेट्या कारकुनाकडून साहेबाकडे जात, बऱ्या झालेल्या रोग्याकडून डॉक्टरकडे, लेकीच्या माहेराहून सासरी. पोहोचल्यावर आधी देव्हाऱ्यापुढे ठेवल्या जात. पोट भरायला म्हणून त्याच्या पेटीत आजवर कुणी हात घातला नव्हता.

"तिसरा हिस्सा नक्की?" त्यानं विचारलं. "पुढे वाढवणार तर नाही?"

"शब्द देतो. उलट कमीच करू."

"आणि पिशवीतच विकणार?"

"पेटीचा खर्च कोण करील?"

काशिवागुरानं कपाळावरची पट्टी सोडली. "येऊ द्या त्यांना जूनमध्ये," तो ईझुकासाहेबांना म्हणाला.

या वाक्याचं भाषांतर झालं नाही. "अहो, असं काय करता? तिसरा हिस्सा म्हणतोय तो."

"म्हणून तर. या उन्हाळ्यात तुमच्या सचिवसाहेबांना भेट काय पाठवणार, ईझुकासान? पिशवी?"

ईझुकासाहेबांचे कान लाल झाले. गेल्या साली त्यांनी पाठवलेली पेटी याच शेडमधून गेली होती.

"आजवर लोक विचारायचे, एवढी महाग का? आता शेजारी पिशवी असेल, तीच उत्तर देईल," काशिवागुरा म्हणाला. "ओनुमाला म्हणावं, कुऱ्हाड ठेव आणि पेट्या मागव. पण पाहुण्याला हे असं सांगू नका. सांगा, म्हातारा फार जड मनानं कबूल झाला. आणि बदल्यात मोटारींचं काय ते उद्या मागून घ्या."

मग त्यानं मान खाली घातली आणि एक उसासा सोडला. राग जमला नव्हता. दुःख मात्र झकास जमलं.

हॅल्वर्सन अगदी हेलावला. त्यानं चिकट हातानं काशिवागुराचा हात दाबला. जपानात भेटीची परतफेड करतात, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं गाडीतून प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी आणली. बैठकीत दाखवण्यासाठी कीड मारायची धुरी देऊन, तपासणीचे शिक्के मारून आणलेली चेरी होती ती. जाड, काळसर लाल.

गाडी गेली. ताकेनं पिशवी मध्यावर ठेवली, एक चेरी तोंडात टाकली, मग दुसरी.

"चांगली आहे हो," ती नवऱ्याला म्हणाली. "लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच अख्खी चेरी खातेय. आजवर वाट्याला फुटकीच."

काम पुन्हा सुरू झालं. बायकांचे उजवे हात पेटीत रांगा लावत होते, डावे पिशवीत जात होते. त्या काळ्या रसाचा डाग आपल्या चेरीला लागला असता तर पेटी वाया गेली असती. पण बोटं पुसायला काशिवागुराची पट्टी होतीच.