घरून आलेला फोन

कापणी विभागाचं प्रमुखपद आपल्याला मिळालं नाही, हे तिला नोटीस बोर्डावरून कळलं. बोर्डावर कालपरवा आलेल्या एका पठ्ठ्याचं नाव होतं. त्याला धड कापडाची उलटी-सुलटी बाजू कळत नव्हती!

कपड्यांच्या या कारखान्यात तिने बारा वर्षं घासली होती. सगळे तिला कापणीतली मास्तरीण म्हणत. प्रमुख झाली असती तर पाळ्या सुटल्या असत्या, रोज दिवसाचंच काम. आता नवराबायकोची गाठ पडायची ती दारातच. पोरगी एकाच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर, की पहिला पळाला कामाला. "आपण नवराबायको की पाळीतले कामगार?" असं तो हसून विचारायचा. हल्ली हसायचाही नाही.

ती तडक कारखाना चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये शिरली. तिच्या हातात पहिली कात्री बाईंनीच दिली होती.

"बाई, माझं चुकलं काय?"

बाईंनी चष्मा काढला. "काही नाही गं. तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता."

"त्यांचा? कशाला?"

"घराबद्दलच बोलत होत्या. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याशिवाय माझं कापणीचं टेबल हलत नाही, एवढं ध्यानात ठेव." बाईंनी तिच्यासाठी चहा मागवला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तरीच म्हातारी दोन दिवस घुम्यासारखी बसली होती! तोंडावर 'माझी वाघीण' म्हणायचं आणि मागून केसाने गळा कापायचा. परकं कुणी असतं तर एवढं लागलं नसतं.

घरी सासूबाई नातीची वेणी घालत होत्या. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"तुम्ही बाईंना फोन केलात?"

सासूबाई ओशाळल्या. "केला. तुला सांगणार नव्हते."

"काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

"वाकडं कसलं? मी म्हटलं, घर मी बघते, पोरीला बघते, हिला खुशाल प्रमुख करा." सासूबाईंनी वेणी अर्धीच सोडली. "तर बाई म्हणाल्या, 'आजी, मी दोनदा विचारलं, तीच नको म्हणते.' का गं नको म्हणालीस?"